पत्र्याच्या डब्यातला हवालदार

तो पत्र्याचा डबा आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे. परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, पोलिसात असताना तू सगळ्यात अवघड चोरी कोणती शोधलीस?" तुम्हाला दरोडा वगैरे अपेक्षित असणार. मला मात्र हा डबा आठवला. फोनवर सांगताना माझा क्रम चुकतो, म्हणून नीट लिहून पाठवते आहे. नावं कुणाचीच देणार नाही. इतक्या वर्षांची ती सवय आहे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातल्या एका ठाण्याची प्रभारी होते. सकाळी हजेरी घ्यायची, रात्रीची स्टेशन डायरी वाचून सही करायची, आणि मग आलेल्या माणसांकडे वळायचं, असा माझा नेम होता. महाशिवरात्रीला औंढ्याच्या यात्रेचा बंदोबस्त नुकताच उरकला होता. त्या सकाळी हजेरी चालू असतानाच एक वृद्ध गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. मला पाहून त्यांनी असा कडक सलाम ठोकला, की रांगेतल्या दोघा शिपायांनीही नकळत पाय जुळवले.

हट्ट्याजवळच्या एका गावचे ते निवृत्त हवालदार होते. मी त्यांना काका म्हणू लागले. फिर्याद त्यांनी घरूनच लिहून आणली होती. समास बरोबर सोडलेला, पण ओळी एकमेकींवर चढलेल्या. काकांना काचबिंदू होता. नजर दिवसेंदिवस कमी होत चालली होती.

"मॅडम, डबा गेला. फडताळात व्हता."

"काय होतं डब्यात?"

"सिनेमा."

काका तरुण शिपाई असताना औंढ्याच्या रस्त्यावर एका चित्रपटाचं चित्रीकरण झालं होतं. खुनाच्या तपासाचा तो चित्रपट आज अभिजात मानला जातो. नाक्यावरच्या एका दृश्यात दिग्दर्शकाला खरा शिपाई हवा होता. काकांना उभं केलं, एक वाक्यही दिलं. पुढे चित्रपट नांदेडला लागला तेव्हा अख्खं घर एसटीनं बघायला गेलं. ते दृश्यच कापलेलं! तेव्हापासून गावात काकांची टिंगल सुरू झाली, ती केस पिकले तरी थांबली नव्हती.

आता एका कंपनीनं त्या चित्रपटाची संग्राहकांसाठी खास आवृत्ती काढली होती. पत्र्याचा काळा डबा, आत दोन डीव्हीडी, फोटोंचं पुस्तक, जुन्या पोस्टरची छोटी नक्कल. कापलेली दृश्यंही त्यात घातली होती. काकांच्या नांदेडच्या लेकीनं तो डबा मागवून दिला. भिंगातून त्यांनी पुस्तकातली दृश्यांची यादी वाचली. 'नाक्यावरचा पंचनामा' हे नाव त्यात होतं. पण घरात डीव्हीडी लावायला यंत्र नव्हतं. लेक पाडव्याला यंत्र घेऊन येणार होती, आणि त्याआधीच डबा नाहीसा झाला.

"संशय कुणावर?"

"पुतण्यावर. लई हसतो माझ्यावर."

माझे जमादार तोंडावर रुमाल धरून खोकले. सिनेमाच्या डब्यासाठी तपास! पण म्हातारं माणूस पायी एसटीपर्यंत येतं, अर्धं दिसत नसताना फिर्याद लिहितं, ते फक्त डब्यासाठी नसतं. मी नोंद घेतली.

पुतण्याचं खतांचं दुकान होतं. जबाबाला तो आरामात येऊन बसला.

"काका सिनेमात असतील तर मी बी विमान चालवतो, मॅडम."

"डबा कुठंय?"

"मला काय करायचाय? मला तर तो लावायचाच व्हता. समद्या गावाम्होरं." मग आपणहूनच म्हणाला, "खरं सांगू का? काका त्यात निघाले असते, तर माझं हसायचंच बंद झालं असतं. म्हणून भीती वाटून राहिली व्हती. पण चोरी न्हाई केली."

चोर माणूस स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट सहसा आपणहून सांगत नाही. मी त्याला जाऊ दिलं.

खबर मिळाली ती चहावालीकडून. ठाण्यात तिचाच चहा यायचा, आणि बसस्थानकावरचं तिच्या नजरेतून काही सुटत नसे. "हवालदाराची म्हातारी पंधरा दिसामागं उतरली व्हती," ती म्हणाली. "टॉवेलात चौकोनी कायतरी गुंडाळलेलं. मोबाईलमधी सिनेमा भरून देणारं दुकान कुठंय, इचारत व्हती."

मी साध्या साडीत काकांच्या घरी गेले. काका बाहेर पारावर बसले होते. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि काकांच्या पत्नी, माझ्या लेखी मावशी, ती हातानं पसरत होत्या. मीही खाली बसून हळद पसरायला लागले. ठाण्यातल्या टेबलापलीकडून जे कळत नाही, ते असं शेजारी बसून कळतं.

"मावशी, डबा दुकानात तुम्ही नेलात ना?"

त्यांचा हात थांबला. "म्या नेला, माय."

"मग दुकानदारानं परत दिला नाही?"

"द्यायला कुठं ऱ्हायला तो? दुसऱ्या दिशी गेले, तर तुमचे शिपाई दुकानातलं समदं गोणीत भरून ऱ्हायले व्हते. माघारी आले." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. गालाला हळद लागली. "डबा तुमच्याच ठाण्यात हाय."

चोरून सिनेमे भरून देणाऱ्या त्या दुकानावर आम्हीच छापा टाकला होता. दुकानदारावर गुन्हा दाखल होता आणि माल जप्त.

"मला येऊन सांगायचं होतं."

"पोलिसाची बायकू म्या. चोरीच्या दुकानात गेले म्हणून कसं सांगू?"

"पण एवढी घाई कशाला? पाडव्याला लेक येणारच होती."

मावशींनी पाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "नांदेडच्या डाक्टरनं मला आन् लेकीला बाजूला घेऊन सांगितलं. पाडव्यापत्तोर नजर ऱ्हाईल का, भरवसा न्हाई. लेकीला आधी सुट्टी मिळंना. यांना म्हाईत न्हाई. तुमी सांगू नगा."

मी ठाण्यात परतले आणि मुद्देमाल खोली उघडायला लावली. खटल्यातला जप्त माल निकाल लागेपर्यंत जिथं ठेवतात, ती ही खोली. त्या छाप्याची गोणी कोपऱ्यात होती, तोंड शिवलेलं, वर लाखेचं सील. मी बाहेरून हात लावला. पत्र्याचा कोपरा बोटाला लागला.

मग पंचनामा काढला. जप्तीच्या वेळी प्रत्येक वस्तू वेगळी लिहायची, पंचांना आणि आरोपीला यादी वाचून दाखवायची, आणि मगच सील, असा नियम आहे. यादीत लिहिलं होतं, 'सिनेमाच्या तबकड्या व इतर साहित्य, एक गोणी.' खाली माझी सही. औंढ्याच्या बंदोबस्ताला निघायची घाई होती. जीप सुरू करून ठेवली होती. न वाचता सही केली होती मी. यादी वाचली असती, तर दुकानदार तिथंच म्हणाला असता, "हा डबा गिऱ्हाइकाचा आहे." पुढं त्यानं मला सांगितलं, की छाप्याच्या वेळी तो तसं म्हणालाही होता. पण शिपायांनी त्याला गप्प बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका-मावशींना बोलावून माझी चूक सांगितली. डबा दुकानात मावशींनी नेला होता, हेही मीच सांगितलं, घाईचं कारण सोडून. काकांनी बायकोकडं एकवार बघितलं.

मला मात्र सरत चाललेले दिवस दिसत होते. मी म्हणाले, "काका, आत्ता पंच बोलावते. सील काढू, तुम्ही दृश्य बघा, पुन्हा सील करू."

मावशींनी माझ्याकडं आशेनं पाहिलं.

"न्हाई मॅडम," काका म्हणाले. "माल कोर्टाचा हाय. नोकरीत कोर्टाला न इचारता सील फोडलं न्हाई. आता काहून फोडू?"

वाद घालावा असं फार वाटलं, पण कारण सांगता येत नव्हतं. काकांचा अर्ज तयार केला आणि त्याच दुपारी मी स्वतः न्यायालयात गेले. अर्जावर पोलिसांचं लेखी म्हणणं द्यावं लागतं. त्यात माझी चूक जशीच्या तशी लिहिली. न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं. "हे तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंय?" "हो." त्याबद्दल पुढे मला वरून लेखी ताकीदही आली. पण डबा काकांच्या ताब्यात द्यायचा आदेश चौथ्या दिवशी हातात पडला.

पंचांसमोर गोणी उघडली. या वेळी एकेक वस्तू मोठ्यानं वाचली. मग कारकुनाच्या संगणकावर डीव्हीडी लावली. काकांची खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ सरकवली. शेजारी मावशी, मागं पुतण्या, दारात सगळं ठाणं.

नाका आला. टेबलावर कापडात बांधलेलं गाठोडं, आणि चित्रपटातला इन्स्पेक्टर त्यावर लाख ओतायला निघालेला. तेवढ्यात बाजूनं एक काटकुळा शिपाई पुढं आला. "साहेब, आधी यादी वाचून दाखवा. मग सील." इन्स्पेक्टरनं त्याच्याकडं रोखून पाहिलं. दृश्य संपलं.

मग पुतण्या हळूच म्हणाला, "काका, तुमी तर मॅडमलाच बोलून राहिले!" सगळ्यात मोठ्यानं मीच हसले. पुतण्यानं वाकून काकांच्या पायांना हात लावला. "पुन्यांदा लावा," तो कारकुनाला म्हणाला.

दुसऱ्यांदा दृश्य संपल्यावर काकांनी मावशींना विचारलं, "टोपी सरळ व्हती का गं?"

मावशी त्यांच्याकडं बघतच राहिल्या. "तुमाला दिसली न्हाई?"

"नुसतं हालताना दिसलं. आवाज ऐकला की." आणि मग, "डोळ्याचं मला म्हाईत हाय. तू एकटीच काहून वागवून राहिली?"

मावशींनी त्यांचा हात धरला. "बराबर व्हती टोपी," त्या म्हणाल्या. "एकदम सरळ."

एवढीच ही चोरी. तिच्यात चोर कुणीच नव्हता. काका फक्त नियमाप्रमाणे चालले होते, आणि त्यांची नजर किती उरली आहे हे ठाऊक असूनही चालले होते. यादी वाचायला लागतात दहा मिनिटं. ती मी वाचवली होती, आणि त्यापायी दृश्य नीट बघता आलं असतं असे काही दिवस काकांच्या हातून गेले. निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यात प्रत्येक यादी मोठ्यानं वाचली गेली. आरोपी कंटाळायचे, शिपाई जांभया द्यायचे. कुणी घाई केली, तर जमादारच दारातून ओरडायचे, "आधी यादी, मग सील!" काकांच्या आवाजात.