घडाचा फोटो

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या मंडळी, कारण कॅमेरा हातात धरून माझ्याइतका गाढवपणा अख्ख्या खान्देशात कुणी केला नसेल.

मी तेव्हा जळगावला मास्तर होतो. आमच्या ड्रॉइंगमास्तरांकडे भात्याचा कॅमेरा होता. सुट्टीत फैजपूरला घरी न्यायला मागितला, तर त्यांनी आधी शिकवणीच घेतली.

"भिंगाला भोक असतं. आकडा लहान, तर भोक मोठं. आकडा मोठा, तर भोक बारीक."

"हे उलटंच की!"

"उलटंच आहे. इथेच सगळे चुकतात."

झालं. सगळे चुकतात तिथे आपण चुकायचं नाही, एवढी खूणगाठ मी बांधली. पुढे ते बराच वेळ काहीतरी सांगत होते. ते कोण ऐकतो?

घरी आबा, म्हणजे माझे वडील, केळीच्या बागेत होते. नुकताच कापलेला भला थोरला घड त्यांनी आडव्या बांबूला टांगला आणि स्वतः चार हात मागे, जरा बाजूला उभे राहिले. उभ्या जन्मात त्यांचा एकही फोटो निघाला नव्हता.

"आबा, पुढे या ना."

"मले काय पाह्यतं रे कोणी? घड सारा आला पाह्यजे."

बागेत सावली दाट, त्यात आबांचा रंग पक्का काळा. म्हटलं, माणसाला भरपूर उजेड द्यावा. सगळ्यात लहान आकडा लावून भोक पुरतं उघडलं. दोरीने अंतर मोजून भिंगावर लावलं ते घडापर्यंतचं, कारण तोच पुढे होता. आणि दाबली कळ.

महिन्याभरात आबा तापाने गेले. फोटो अजून धुवायचाच होता. माय सारखी म्हणायची, "फोटू आन रे. त्यायचं तोंड पाहू दे." मी सांगायचो, माय, फोटो फर्स्टक्लास आलाय, काळजी करू नको. पाहिला कुठे होता मी?

जळगावच्या फोटोवाल्याने फोटो हातात देत मान डोलावली. "घड काय आलाय मास्तर! सालीवरचा ठिपका न् ठिपका दिसतो."

"आणि मागे?"

मागे धोतर नेसलेलं धुकं होतं.

"भोक एवढं उघडलं की एकाच अंतरावरचं नीट येतं," तो म्हणाला. "बारीक ठेवून कळ जरा जास्त वेळ दाबली असती, तेवढा वेळ त्यांना स्थिर उभं केलं असतं, तर घडही आला असता आणि वडीलही."

मी दुकानातच रडलो. हो, चांगला हुंदके देऊन रडलो.

मायने तोच फोटो चौकटीत बसवून घेतला आणि त्याला हार घातला. लग्नानंतर माझी बायको पहिल्यांदा घरात आली, तिने फोटोला वाकून नमस्कार केला आणि हळूच मला विचारलं, "तुमच्यात केळीची पूजा असते का?"

माय ते ऐकून हसली. आबा गेल्यानंतर तेव्हाच पहिल्यांदा.

परवा ती फोटोसमोर बराच वेळ उभी होती. म्हणाली, "त्यायच्या गालावरचा तीळ उजवीकडे होता का डावीकडे रे? मले आठवत नाही."

मलाही आठवेना. घडाला फण्या किती होत्या ते मात्र विचारा, झोपेतही सांगेन.