उद्याची झोप

मुनीमजींनी माझ्यादेखत एका माणसाचे दोन दात पाडले होते; तरीही त्यांचे स्मरण मी आदरानेच करतो. ते गोंदियाजवळच्या मुर्रीतील माझे शेजारी. गोंदियाच्या गिरण्यांतील तांदूळ ट्रकने रायपूरला नेत. किती वेळ गाडी चालवली, किती विश्रांती घेतली, हे ते लॉगबुकात मिनिटांसह नोंदवीत. म्हणून इतर चालकांनी थट्टेने त्यांना हे नाव दिले होते.

त्या दिवशी चहाच्या टपरीवर एक चालक पुढच्या दोन दिवसांची विश्रांती आगाऊ लिहीत बसला होता. मुनीमजी वाकून म्हणाले, "उद्याची झोप आज लिहून राहिला का बे?"

"तुमाले काय करायचं? नाक्यावरचा साहेब कागद पाहते, डोये नाही पाहत."

टपरीवर हशा पिकला, आणि त्याच क्षणी मुनीमजींची मूठ त्याच्या तोंडावर बसली. वहीची पाने रक्ताने चिकटली. मी मुनीमजींचा हात धरून त्यांना टपरीबाहेर आणले.

घरी परतताना ते म्हणाले, "मीबी असंच लिहलो होतो, गुरुजी. देवरीच्या जंगलात डोया लागला. सायकलवाला चाकाखाली गेला. हाडं मोडल्याचा आवाज अजून कानात हाये. वहीत मी आठ तास झोपलेलो. त्या वहीनंच मले सोडवलं."

त्या अपघातापासून तपासणी नाक्यावर कोणी हात दाखवण्याआधीच ते गाडी उभी करीत. वही दोन्ही हातांनी, नैवेद्याचे ताट पुढे करावे तशी देत आणि वर म्हणत, "ब्रेकबी पाहून घ्या, साहेब."

गेल्या मार्गशीर्षात चौदा तास गाडी चालवून आलेल्या मुनीमजींना गिरणीमालकाच्या पुतण्याने पुन्हा रायपूरला पिटाळले. वहीत झोप दाखवायला सांगितले. त्यांनी देवरीच्या नाक्यावर खरी वही दिली. गाडी अडकली, माल अडकला. परतल्यावर गिरणीच्या आवारात पुतण्याने आणि त्याच्या दोन माणसांनी त्यांना जॅकच्या दांड्याने झोडपले. लिहिता हात ट्रकच्या फाळक्यावर ठेवून ठेचला.

तो पुतण्या माझा जुना विद्यार्थी. रुग्णालयाच्या दारात त्याने माझे पाय धरले. "गुरुजी, पोलिसांसाठी मुनीमजींचं बयान तुम्हीच लिहून द्याल. पाय घसरला असं लिहा ना."

मी आत गेलो. पोलीस शिपाई कागद घेऊन उभा होता. मुनीमजींचा जबडा सुजला होता. शब्द कष्टाने फुटत होते. "तुम्हीच लिहा, गुरुजी. पण गोड करून लिहू नका."

आयुष्यभर मी प्रिय बोलण्याचा अभ्यास केला होता. त्या दिवशी लेखणी जड झाली. मी आवार लिहिले, दांडा लिहिला, तिघांची नावे लिहिली. माझ्या विद्यार्थ्याचे पहिले. वाचून दाखवल्यावर मुनीमजी म्हणाले, "टाईम लिहाचा राहिला."

मी त्यांना विचारून चार वाजून दहा मिनिटे असे लिहिले. शिपायाने त्यांचा डावा अंगठा उमटवला.

तिसऱ्या दिवशी ते गेले. आता न्यायालयातून मला समन्स आले आहे. साक्ष फिरवा, असा निरोप पुतण्या रोज पाठवतो. मी त्याला एकच उत्तर देतो: तू समोर असशील, आणि मी ते बयान मोठ्याने वाचेन.