दोन उद्रेकांच्या मधली माती

तीस वर्षं मी कर्जतला शाळेत भूगोल शिकवला. ज्वालामुखीचा धडा आला की फळ्यावर दरवर्षी तोच शंकू, तोच लाल खडू. पोरं विचारायची, "बाई, आपल्याकडं कधी फुटंल?" मी कंटाळून सांगायचे, आपल्याकडचे उद्रेक कोट्यवधी वर्षांपूर्वी होऊन गेले. भुईला भेगा पडल्या, लाव्हा थरावर थर पसरला, थिजला, त्याचेच हे डोंगर. जिवंत ज्वालामुखी बघायचा तर अंदमानच्या समुद्रात जा. आपला काळा पाषाण जागचा हलायचा नाही. हे शेवटचं वाक्य पुस्तकात नव्हतं, माझ्या पदरचं होतं.

गेल्या मे महिन्यात कोंडाण्याजवळच्या एका वस्तीला घरं रिकामी करायला सांगितलं. पावसात वरचा कडा सुटेल म्हणून. सगळे उठले, माझा एक जुना विद्यार्थी तेवढा हटून बसला. का, तर म्हणे बाईंनी शिकवलंय. ऐकून मी कपाळाला हात लावला. गुडघे कधीच कामातून गेलेत, माणसांना समजावायचाही आता वीट आलाय. तरी गेले. आपण केलेलं आपणच निस्तरायचं, दुसरं कोण येणार?

त्याच्या घरामागच्या कड्यात दोन काळ्या थरांच्या मधे हातभर तांबडी माती दिसते. एक उद्रेक थांबला, पुढचा यायला फार काळ गेला, तोवर वरचा दगड झिजून त्याची माती झाली आणि तिच्यावर पुन्हा लाव्हा आला. मी त्याला ती दाखवली. भर उन्हाळ्यात ओलसर होती.

"हा पट्टा भिजला की वरचा दगड घसरू शकतो," मी म्हटलं. "मी तुला अर्धंच शिकवलं रे. चुकलं माझं."

त्यानं ती माती चिमटीत चोळून बघितली. मग बोलला, "पेपरात मी तेच लिवलं व्हतं, बाई. डोंगर हलत नाय. तुमी पैकीच्या पैकी मार्क दिलंत."

मला इतकी शरम वाटली की मी तिथंच दगडावर बसले.

त्याची बायको पोराला कडेवर घेऊन मागच्या दारात उभी होती. "मी काय तुमच्या शाळंत नवते, बाई," ती म्हणाली. "न्हाणीमागं भुईला फट पडलीय, ती मला दिसते. रोज बोट घालून बघते. आधी एक जायचं. काल दोन गेली."

तो वळला आणि गोठ्यातली गुरं सोडायला गेला.