गल्लीच्या तोंडाचा खांब

ती घटना आठवली की आजही मला हसू फुटतं. मुलांनो, तुमच्या आजीने पोलिसातल्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात तपासलेली ही चोरी. चोरीला गेला होता एक लोखंडी खांब.

घणसोली गावठाणातल्या गल्ल्या तुम्ही पाहिल्या आहेत. समोरून माणूस आला तर आपण भिंतीला चिकटायचं, अशा गल्लीतही मोटारी घुसायच्या. बायकांनी पालिकेत खेटे घालून गाड्या अडवायला एका गल्लीच्या तोंडाशी लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा खांब बसवून घेतला. अँब्युलन्स आली तर कुलूप काढून तो उपसता यायचा. प्रयोग महिन्यापुरता होता. शेवटच्या पाहणीच्या दिवशीच सकाळी खांब गायब. संध्याकाळी अधिकारी येईपर्यंत तो मिळाला नाही, तर गल्ली पुन्हा मोटारींना खुली होणार होती.

मी पंचनाम्याला गेले. कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्लीने उघडून कडेला नीट ठेवलेलं होतं. चोर इतका टापटिपीचा नसतो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने खबर दिली, "मॅडम, सकाळी मंडपवाल्याची माणसं कायतरी जड उचलून नेत होती."

मंडपवाल्याला ठाण्यात बोलावलं. "मला काय माहीत," यावर तो अडून बसला. मी त्याला चहा दिला आणि गप्प राहिले. गप्प बसलेल्या पोलिसापुढे माणूस फार काळ टिकत नाही.

"मॅडम, लग्नघरच्या आजीनेच दिला. बोलली, मांडवाला लाव."

या आजी म्हणजे खांबासाठी सगळ्यांत जास्त भांडलेल्या. किल्लीही त्यांच्याकडेच असायची. त्याच संध्याकाळी त्यांच्या नातीचं लग्न होतं. मी मांडवात गेले, तर एका खांबाच्या आंब्याच्या पानांतून लाल-पांढरे पट्टे डोकावत होते.

"आजी, हे काय?"

"माजा नातजावई नाक्यावरशी चालत येल? गाडी दारापरत नको यायला?" आजी तडकल्या. "येक दिस काडला त काय झाला?"

हळद लावलेल्या हातांनी शेजारीण पुढे आली. "आनि माज्या जावयाची गाडी तू आडवलीस, तवा गो?"

मांडवभर हशा पिकला. आजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि मंडपवाल्याला म्हणाल्या, "काड रे तो. बांबू लाव."

संध्याकाळी अधिकारी पुन्हा जागेवर बसवलेल्या खांबापाशी उभे असतानाच नवरदेव तिथे गाडीतून उतरला. वरातीचं बँजो पथक वाजू लागलं आणि अख्खी गल्ली नाचत त्याला दारापर्यंत घेऊन गेली.

मी आजींना समज दिली आणि स्टेशन डायरीत 'खांब मिळून आला' अशी नोंद केली. नियम सगळ्यांनाच हवा असतो, फक्त आपल्या दारात मंगलकार्य निघेपर्यंत. हे मला त्या मांडवात कळलं. अशा वेळी कुणाला दरडावण्यापेक्षा शेजारणीला बोलू द्यावं.

निघताना आजींनी माझ्या हातावर लाडू ठेवला.

"गाडीन आला असता त काचेआड कोनाला दिसला असता गो बाय?"