वर्षानं विचारलं होतं

वर्षा गेली तेव्हा मी नववीच्या वह्या तपासत बसले होते. तिच्या नवऱ्याचा फोन आला, "मॅडम, वर्षा गेली..." आणि मी काय करावं, तर हातातली वही पुरी तपासून बाजूला ठेवली. अशा वेळी माणसाचं डोकं कुठं जातं कोण जाणे! बत्तीस वर्षांची माझी शेजारीण, दोन लेकरांची आई, छातीच्या कॅन्सरनं गेली. त्याला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, "मॅडम, तुम्ही तिच्यासाठी किती केलंत!" ते ऐकलं की मला तिथून पळून जावंसं वाटतं.

मागच्या वर्षी, हळद शिजवायच्या दिवसांत, आम्ही कुरुंद्याच्या बाजूला एक फेरी काढली होती. छातीच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या लेकुरवाळ्या बायांना नांदेडला न्यायला गाडी मिळावी, मागं त्यांची लेकरं सांभाळायला कुणी असावं, म्हणून. बॅनरसाठी मी आजाराचं नाव ठसठशीत लिहून दिलं होतं. गावातले एक जाणते म्हणाले, "मॅडम, चौकातून लेकीबाळी चालणार. असलं काई नगं." मी फार तर अर्धा मिनिट भांडले असेन. मग 'महिला आरोग्य फेरी' एवढंच छापलं. एरवी कुणाच्या बापाला न भिणारी मी! नाव काय, पाहुण्या म्हणून बोलावलेल्या डॉक्टरीणबाई भाषणात सांगतीलच, अशी स्वतःची समजूत घातली. त्या आल्याच नाहीत.

बॅनरची एक काठी वर्षानं धरली होती. हळदीच्या कामावरून तशीच आलेली, हात पिवळे, अंगावर पिणारं पोरगं सासूकडं सोडलेलं. चालता चालता म्हणाली, "मॅडम, आपण नेमकं कोणत्या आजारासाठी चालून राहिलोत वो?" समोर पाहुणे, फोटोवाला ओरडतोय... मी म्हटलं, "नंतर सांगते गं, आधी काठी सरळ धर." ते नंतर मी कधी सांगितलंच नाही.

दिवाळीनंतर फेरीतून मिळालेल्या त्याच गाडीनं ती नांदेडला निघाली, शेजारी मी. म्हणाली, "मॅडम, फेरीत चालले तवाच ही गाठ होती बरं का. सासूबाई म्हणल्या, दूध साकळलंय, शेक दे." मी चिडलेच, "मला नाही का सांगायचंस?"

"इचारलं होतं की तुमाला... कोणता आजार म्हणून."

साधंच बोलली, टोमणा नव्हता. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं दर खेपेला मी तिच्याबरोबर गेले, तेवढंच लोकांना दिसलं. "आधी आणायला पाहिजे होतं," असं डॉक्टर म्हणाले, ते लोकांनी ऐकलेलं नाही.

दहाव्याला तिची सासू, चंद्रभागामावशी, ऊर बडवून रडत होती. "म्याच म्हणले दूध साकळलंय... माज्या हातानं लेक मारली म्या!" मला तेव्हाच बोलता आलं असतं. मी म्हटलं, "मावशी, पाणी घ्या."

वर्षा दर रविवारी ओट्यावर बसून सासूला पेपर वाचून दाखवायची. मावशीला अक्षरओळख नाही. आता मी जाते. एकदा कंटाळून दोन ओळी सोडल्या, तर म्हातारीनं लगेच धरलं, "समदं वाचा मॅडम. वर्षा काई गाळत न्हवती." येत्या रविवारी, माझं हे लिहिणं छापलेली पेपरची पुरवणी घेऊन मी त्या ओट्यावर बसणार आहे... मावशी, तुमचं चुकलं नाही हो. तिनं मला विचारलं होतं.