तास शिल्लक होते

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, मुलीपाशी नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – आणि ओळखणाऱ्या माणसासमोर हे तोंडातून निघत नाही, हे मी करून पाहिलंय.

मी इंग्लंडात लॉरी चालवायचो. घर ईलिंगला, पण मी घरी कमीच. सोमवारी सकाळी निघालो की शुक्रवारी परत. कॅबमध्ये, म्हणजे लॉरीच्या पुढच्या केबिनमध्ये, सीटच्या मागे एक अरुंद बंक असायचा, त्यावर झोपायचं. दिवसभरात माणसाशी बोलणं म्हणजे गोदामाच्या दारात "कुठल्या लोडिंग-बेला गाडी लावू?" आणि कॅफेत "टी प्लीज". मराठी बोलावंसं वाटलं तर स्वतःशीच. कधी कधी तेही नको वाटायचं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी – आमच्या गाडीत टॅकोग्राफ असायचा. मीटरच्या मागे कागदाची एक गोल चकती बसवायची. गाडी चालली की सुई त्या चकतीवर रेघ ओढते, थांबली की तेही नोंदवते. किती वेग, किती विश्रांती, सगळं. आता हे कार्डावर आणि कॉम्प्युटरवर होतं म्हणे, तेव्हा कागद होता. चकतीच्या मधोमध ड्रायव्हरनं आपल्या हातानं नाव लिहायचं, कुठून निघालो, कुठे थांबलो ते लिहायचं. दिवसाचे तास ठरलेले. ते संपले की गाडी जिथे असेल तिथे उभी करायची. कायदाच तसा.

बरेच जण त्यात लबाड्या करायचे. मी कधीच केली नाही. शिवाय माझी स्वतःची एक डायरी असायची, तिच्यात रोजचं काम लिहून ठेवायचो. ऑफिसातले लोक नव्या ड्रायव्हरांना सांगायचे, याच्यासारखं रेकॉर्ड ठेवा. मला त्याचा अभिमान होता – कशाला खोटं बोलू, होताच. कायद्याशी मी एकदाही खोटं बोललो नाही.

पण खोटं काय फक्त कायद्याशीच बोलता येतं?

आधी दादांबद्दल सांगायला हवं. दादा म्हणजे माझे वडील. वाईचे. सगळी नोकरी पसरणीच्या घाटात प्रवासी बस चालवण्यात गेली. आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. इंग्रजी येत नव्हतं, थंडी सोसत नव्हती, दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या रस्त्यावरच्या बस बघायचे. मी ड्रायव्हर झालो याचा नातेवाइकांत कुणाला आनंद नव्हता – एवढा लांब जाऊन ड्रायव्हरच? पण दादांना होता. एकदा मी त्यांना कॅबमध्ये बसवलं, चकती काढून दाखवली. ती उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघत राहिले. "म्हणजे गाडीच तुझी हजेरी मांडते," म्हणाले. "बरं आहे. आमच्याकडे असतं तर दोन-चार अपघात टळले असते."

वर्षभरानं त्यांनी एक मागितलं. फक्त एक. "सुरेश, मला एकदा घरी नेऊन सोड. इथे नको."

मी हो म्हणालो. दिवाळीला जाऊ म्हणालो. दिवाळी गेली, मग थंडी संपू दे म्हणालो. खरं सांगू? मी तिकिटाची साधी चौकशीसुद्धा केली नव्हती. का नाही केली? याचं उत्तर मी इतकी वर्षं शोधतोय. रजा मिळाली असती. पैसे होते. नुसतं पुढे ढकलत राहिलो. मग त्यांच्या छातीत पाणी झालं, हॉस्पिटलात नेलं, आणि तिथेही मी दिसलो की ते तेच विचारायचे. रागानं नाही हो. अगदी सावकाश, एखाद्या लहान मुलाला आठवण करून द्यावी तसं. "काढलंस का तिकीट?"

मी म्हणायचो, "काढतो."

पुढच्या सोमवारी मी कामावर निघून गेलो. सुनंदा – माझी बायको – कौन्सिलच्या लायब्ररीत काम करायची. तिनं रजा घेतली आणि ती त्यांच्याजवळ बसली. दादांना नर्सचं बोलणं कळायचं नाही, नर्सला दादांचं. मध्ये सुनंदा.

आठवड्याच्या सुरुवातीला मी कार्लाइलला होतो, पार उत्तरेला. तिथून ब्रिस्टल, आणि ब्रिस्टलहून मिल्टन कीन्सच्या गोदामाचा माल घेऊन येताना दुपारी रीडिंगजवळच्या एका लॉरी पार्कात जेवायला थांबलो. नेहमीप्रमाणे ऑफिसला फोन केला. तिथला माणूस म्हणाला, "तुझ्या बायकोचा फोन होता. वडिलांचं काही खरं नाही. लॉरी तिथेच ठेव, आम्ही कुणाला तरी पाठवतो. तू घरी जा."

रीडिंगहून ईलिंग किती लांब? तासाभराचा रस्ता. स्टेशन जवळ होतं, ट्रेननंही गेलो असतो. गाडी चालवायचे माझे निम्मे तास अजून शिल्लक होते.

मी घरी फोन लावला. सुनंदा दादांचे धुतलेले कपडे न्यायला आली होती, तिनंच उचलला.

"अहो, कुठे आहात? दादा सारखं तुमचं नाव घेतायत. अजून कार्लाइललाच?"

बघा – ते नाव तिनंच घेतलं. मी फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "हो. आणि तास संपलेत माझे. आता उद्या सकाळशिवाय गाडी हलवता येणार नाही."

ती म्हणाली, "बरं. सांगते त्यांना."

फोन ठेवला. ऑफिसला परत फोन करून सांगितलं की मी ट्रेननं घरी जातोय, पण लॉरीला कुणाला पाठवू नका, उद्या येऊन ती मीच नेईन. मग कॅबमध्ये चढून बसलो. बाहेर ऊन होतं, लोक चहा पीत उभे होते, एकजण पुढची काच पुसत होता. मी त्या सीटवर बसून राहिलो आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आज तरी कुणी तिकिटाचं विचारणार नाही.

तिन्हीसांजेला दादा गेले.

रात्र तिथेच काढून दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी पोचलो. लांबून गाडी हाकत आलेल्या माणसासारखा चेहरा केला होता, आणि सुनंदानं मला आधी चहा दिला. मग सांगितलं. दादांना ती म्हणाली होती, त्यांचे तास संपलेत, कायद्यानं येता येत नाही. त्यावर दादा म्हणाले, "मग नको येऊ देऊस. दमलेल्या माणसानं स्टिअरिंग धरू नये. त्याला म्हणावं, सावकाश ये."

तिकिटाचं त्यांनी काहीच काढलं नाही, असं ती म्हणाली. मी विचारलं होतं.

हे दादांचं बोलणं सुनंदा सगळ्यांना सांगायची. घरी आलेल्या प्रत्येकाला, तिथल्या मराठी मंडळाच्या बायकांना. शेवटच्या घटकेलाही मुलाची काळजी, आणि मुलगाही कसा नियमाचा पक्का. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. मी मान खाली घालायचो. त्यांना ते दुःख वाटायचं.

मी आणखी लांबच्या फेऱ्या मागून घेऊ लागलो. घरात दादांची खुर्ची खिडकीशी तशीच होती. तिच्यापेक्षा कॅब बरी वाटायची.

दोनेक वर्षांनी ईलिंगला मंडळाच्या गणपतीत आमच्या ओळखीतला दिलीप भेटला. तो रीडिंगला कॉम्प्युटरच्या कंपनीत. सुनंदा कुणाला तरी दादांची गोष्ट सांगत होती, आणि दिलीप सहज म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी दुपारी मी याला आमच्या रीडिंगला पाहिलं होतं. समोर पेट्रोल भरत होतो. हाक मारली, पण हा कॅबमध्ये आपल्याच नादात. रात्री दादा गेल्याचं कळलं, तेव्हा म्हटलं, चला, पोचला असेल वेळेवर."

सुनंदा हसली नाही, रागावलीही नाही. तिनं प्रसादाच्या वाट्या गोळा करायला घेतल्या.

घरी जाताना गाडी मी चालवत होतो. मुलगी मागे झोपली होती. सुनंदानं समोर बघत विचारलं, "तुम्ही कार्लाइललाच होतात ना?"

तिनं पुन्हा तेच नाव घेतलं. मला ती खरं सांगायची संधी देत होती, की खोट्याचीच वाट मोकळी करून देत होती? मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. पण सांगता आलं असतं. गाडीत आम्ही दोघंच जागे होतो.

मी म्हणालो, "हो. दिलीपनं दुसऱ्या कुणाची तरी लॉरी पाहिली असेल."

"बरं," ती म्हणाली.

तिनं परत कधी विचारलं नाही. भांडली नाही, अबोला धरला नाही. सोमवारी माझा डबा भरून देत राहिली. पण दादांची ती गोष्ट तिनं त्यानंतर एकदाही सांगितली नाही. कुणी विषय काढला, शेवटी जवळ कोण होतं असं विचारलं, तर ती एवढंच म्हणायची, "मी होते."

मी शेजारीच बसलेला असायचो. ती खरं बोलत होती.