मग नगं ते

कुंडलच्या शेताचा एक तुकडा रस्त्याच्या कामात गेला आणि त्याची भरपाई आम्हा तिघा भावंडांना मिळाली. मी थोरली, लग्न होऊन सांगलीत, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात शिकवते. दोघे भाऊ सैन्यात. पैसे वाटून घेतले तर हां हां म्हणता उडतील, त्यापेक्षा तिघांत मिळून एक मोठा गाळा घेऊन भाड्यानं द्यावा, असं ठरलं.

"आक्का, आमाला रजा कवा मिळंल सांगता येत न्हाई. तू हाईस तिथं, तूच बघ," दोघंही फोनवर म्हणाले.

मी बघितलं. गाळा मिळाला. पण तो घ्यायचा कुणाच्या नावावर, इथंच घोडं अडलं. सीएंनी समजावलं: तिघांच्या नावावर घेणं सोपं, पण पुढं एकाला बाहेर पडायचं झालं की भांडण. भागीदारी फर्म केली, तर तिचं कर्ज बुडाल्यावर सगळ्यांच्या घरावर येणार. कंपनीला दरसाल ऑडिट. त्यांच्या मते आम्हाला एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, बरी. कर्ज घरावर येत नाही, आणि कुणी आला-गेला तरी गाळा जागेवर.

हे सगळं मी भावांना फोनवर सांगायची, आणि दर वेळी त्यांच्या युनिटमधल्या कुणीतरी त्यांना वेगळंच काही सांगितलेलं असायचं. मी पुन्हा सीएंकडं. ते बिचारे पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी दोघांना एकदम रजा मिळाली आणि आम्ही तिघं सीएंच्या ऑफिसात जाऊन बसलो. मधला भाऊ तयारीनंच आला होता.

"साहेब, ते एकत्र कुटुंबाचं करा. एचयूएफ. टॅक्स वाचतो म्हनं. मी आनि धाकटा असू त्यात. आक्काचं काय ते आमी बघतो."

माझ्यासमोर, मी शेजारच्या खुर्चीवर बसलेली असताना हे बोलला.

सीए शांतपणे म्हणाले, "वडिलोपार्जित जमिनीचा पैसा आहे. बहिणीचा हक्क तुमच्याइतकाच. आणि कर्ता होण्याचा मान सगळ्यांत थोरल्याचा. म्हणजे तुमच्या आक्कांचा."

"म्हंजे सह्या आक्का करनार?"

"हो."

त्यानं धाकट्याकडं बघितलं. धाकट्यानं चहाच्या कपात बघितलं.

"मग नगं ते," मधला म्हणाला.

एवढी वणवण मी केली ती यांच्यासाठीच, आणि तिचा राग कधी आला नव्हता. पण ते 'नगं' मी अजून विसरलेले नाही. एलएलपीचा विषय मी परत काढला, तर धाकट्याच्या मेव्हण्यानं त्याला कंपनीच काढायला सांगितलं होतं. इकडं गाळ्याचा मालक घाईला आलेला. शिराळ्याचं एक गिऱ्हाईक त्याच्या दारात उभं होतं. रजा संपायच्या आत आम्ही तिघांच्या नावावर खरेदीखत करून टाकलं. "नंतर एलएलपीत घालायचं म्हटलं तर मुद्रांक शुल्क परत भरावं लागेल," असं सीए दोनदा म्हणाले. ऐकलं कुणी?

पुढं एक क्लासवाले भाड्यानं घ्यायला तयार झाले. भाडेकराराला तिघांच्या सह्या हव्यात. धाकटा सीमेवर, फोन लागेना. मुखत्यारपत्र द्यायचं तर त्याला मधल्याचं मत हवं, आणि मधला म्हणे, येईल तवा करंल की सही. क्लासवाल्यांनी वाट बघून दुसरी जागा धरली. शटर अजून बंदच आहे. कॉलेजला जाता-येता मलाच ते दिसतं.

आता धाकट्याला पुण्यात फ्लॅट घ्यायचाय, म्हणून त्याला वाटा मोकळा करून हवाय. गाळ्याचा तिसरा हिस्सा बाहेरचा कोण घेणार? परवा मीच म्हटलं, "मला दे. बाजारभावानं घेते."



"बघतो आक्का," तो म्हणाला. "दादाला इचारतो."

मी फोन ठेवून दिला.